कागदावर 'लायसन्स', प्रत्यक्षात भाडेकरू? इंग्लंडमधल्या लीज आणि लायसन्सविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी ऑगस्ट-सप्टेंबर आला की फोनवर कराराचे फोटो यायला लागतात. पुणे, नागपूर, कोल्हापूरहून लंडन, लेस्टर, मँचेस्टरला शिकायला किंवा नोकरीला आलेली मुलं विचारतात, "ताई, यावर लायसन्स असं लिहिलंय, सही करू का?" त्या मुलांना दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत. हे सगळं इंग्लंडच्या कायद्याबद्दल आहे. जिथे महाराष्ट्राशी तुलना केल्याने मुद्दा लवकर कळतो, तिथे ती केली आहे.

लीज आणि लायसन्समधला फरक आधी थोडक्यात सांगाल का?

लीज म्हणजे जागेतला हक्क. ठरलेल्या मुदतीपुरता का होईना, तो तुमचा होतो आणि त्या मुदतीत तुम्ही मालकालाही दाराबाहेर थांबवू शकता. लायसन्स म्हणजे नुसती परवानगी. ती नसती तर तुमचं तिथे असणं घुसखोरी ठरलं असतं. ती आहे म्हणून ठरत नाही, इतकंच. जागेतलं काहीही तुमच्याकडे येत नाही. १६७३ साली थॉमस विरुद्ध सोरेल या खटल्यात मुख्य न्यायाधीश वॉन यांनी परवानगीची हीच व्याख्या केली आणि ती आजही शिकवली जाते.

१९२५ च्या लॉ ऑफ प्रॉपर्टी ॲक्टने जमिनीतल्या कायदेशीर मालकीचे दोनच प्रकार ठेवले: पूर्ण मालकी म्हणजे फ्रीहोल्ड, आणि ठरावीक मुदतीची, म्हणजे लीज. लायसन्स या यादीत नाही.

करारात कुठे 'टेनन्सी' असतं, कुठे 'लीज'. हे वेगळे प्रकार आहेत का?

नाही. आठवड्याच्या भाड्यावरच्या खोलीला लोक टेनन्सी म्हणतात आणि ९९ वर्षांच्या फ्लॅटला लीज. कायद्याच्या लेखी जात एकच.

महाराष्ट्रात आम्ही 'लिव्ह अँड लायसन्स'च करतो. इथेही तेच ना?

नाही, आणि बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार आपल्या इतका अंगवळणी पडलाय की भाड्याने राहणं म्हणजेच लायसन्स, असं आपण धरून चालतो.

१९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडेकरूला भक्कम संरक्षण दिलं, तेव्हा मालक 'भाडेकरू' हा शब्दच टाळायला लागले आणि सगळीकडे 'लायसन्स' आलं. मग कायदा बदलला आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत असलेले लायसन्सधारक भाडेकरू मानले गेले. पुढे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने उलटी वाट धरली. त्याच्या कलम २४ मध्ये राहत्या जागेचा लेखी लायसन्स करार हा त्यात लिहिलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला आहे. मुदत संपली की मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो आणि जागा न सोडणाऱ्याला दुप्पट लायसन्स फी भरावी लागू शकते.

थोडक्यात, आपल्याकडे कागद बोलतो. इंग्लंडमध्ये कोर्ट कागद वाचतं, मग तो बाजूला ठेवून विचारतं: त्या खोलीत प्रत्यक्ष व्यवहार काय होता? म्हणून 'लायसन्सवर सही केली, आता काय बोलणार' असं म्हणत गप्प बसणारी आपली मुलं पाहिली की मला मनापासून वाईट वाटतं. कायदा त्यांच्या बाजूने उभा असतो आणि ती स्वतःच मागे सरतात.

पण खरंच एवढा फरक पडतो का? खोली तीच, भाडं तेच.

घर विकलं गेलं की फरक कळतो. लीज नव्या मालकालाही पाळावी लागते. सात वर्षांपर्यंतची लीज सहसा नोंदणी न करताही टिकते, सात वर्षांहून मोठी लँड रजिस्ट्रीत नोंदवावी लागते. लायसन्स मात्र देणारा आणि घेणारा यांच्यातलाच शब्द. त्याचं एक जुनं उदाहरण डब्लिनचं आहे. तिथे एकाने नव्या थिएटरच्या भिंतीवर जाहिराती चिकटवायची परवानगी एका कंपनीला दिली. मग थिएटरची जागा दुसऱ्या कंपनीकडे गेली आणि तिने जाहिराती लावू दिल्या नाहीत. १९१६ च्या किंग विरुद्ध डेव्हिड ॲलन या निकालात ठरलं की नव्या कंपनीवर त्या परवानगीचं बंधन नाही. परवानगी देणाऱ्याकडून नुकसानभरपाई घ्या. पैसे मिळतात, भिंत जाते.

दुसरा फरक जानेवारीत कळतो, बॉयलर बंद पडतो तेव्हा. १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टचं कलम ११ सात वर्षांहून कमी मुदतीच्या लीजमध्ये मालकावर दुरुस्तीची जबाबदारी टाकतं: छप्पर, बाहेरच्या भिंती, पाण्याचे नळ, वीज, गॅस, घर गरम ठेवणारी यंत्रणा. करारात उलटं लिहून मालकाला यातून सहसा सुटता येत नाही. लायसन्सला हे कलम लागू नाही.

आणि घराबाहेर काढण्याविरुद्धचं मोठं संरक्षण, म्हणजे १९८८ च्या हाउसिंग ॲक्टमधली अशुअर्ड टेनन्सी, फक्त भाडेकरूला मिळतं.

करारावर ठळक अक्षरात 'लायसन्स' आहे आणि 'मी भाडेकरू नाही' असं लिहून दिलंय. मग संपलंच ना?

संपलं नाही. नेमकं असंच लिहून दिलेल्या एका बाईंच्या खटल्यावर आजचा कायदा उभा आहे.

७ मार्च १९८३. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर बॉर्नमथमधलं बॉस्कम. तिथल्या एका घरातल्या ५ आणि ६ क्रमांकाच्या खोल्या आठवड्याला ३७ पाउंडांवर दिल्या गेल्या. मालक स्वतः सॉलिसिटर, म्हणजे वकील. कागदाचं नाव 'लायसन्स ॲग्रीमेंट', चौदा दिवसांच्या लेखी नोटिशीवर संपवता येणारा. शेवटी बाईंची वेगळी सही: या लायसन्समुळे मला भाडे कायद्याखालचं संरक्षण मिळत नाही आणि ते मिळावं असा हेतूही नाही, हे मला समजलं आहे व मान्य आहे. मालकाने आपल्या परीने एकही फट ठेवली नव्हती.

काही महिन्यांनी बाईंनी भाडं रास्त ठरवून मिळावं म्हणून अर्ज केला. १९७७ च्या रेंट ॲक्टखाली तो हक्क भाडेकरूला होता, लायसन्सधारकाला नव्हता. मालक कोर्टात गेला. पहिल्या कोर्टाने टेनन्सी म्हटलं, अपील कोर्टाने लायसन्स म्हटलं. हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टाने, १९८५ मध्ये स्ट्रीट विरुद्ध माउंटफोर्ड या निकालाने टेनन्सीवर शिक्कामोर्तब केलं.

लॉर्ड टेम्पलमन यांची कसोटी सोपी आहे: राहण्याची जागा, अनन्य ताबा, ठरावीक मुदत, त्याबदल्यात भाडं. हे सगळं असेल तर सहसा ती टेनन्सीच. त्यांनी दिलेला दृष्टान्त शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला लगेच पटेल. खणायला पाच दातांचं अवजार घडवलं तर ते दाताळंच होतं. घडवणाऱ्याला भाषा नीट येत नाही म्हणून तो 'मी फावडं केलंय' असं म्हणत राहिला, तरी त्याचं फावडं होत नाही.

माझ्या मते हा निकाल बरोबर आहे. खोली शोधणाऱ्याला करारातलं वाक्य बदलून घ्यायची ताकद नसते. बॅगा हातात असतात, सामान वसतिगृहाच्या कोपऱ्यात पडलेलं असतं, समोरचा म्हणतो तिथे सही होते. संसदेने दिलेलं संरक्षण तेवढ्या सहीने जात असेल तर तो कायदा केलाच कशाला?

अनन्य ताबा म्हणजे नेमकं काय? माझ्या मालकाकडे तर दुसरी किल्ली आहे.

अनन्य ताबा म्हणजे जगाला आणि मालकालाही बाहेर ठेवायचा अधिकार. मालक तपासणीला, मीटर वाचायला, दुरुस्तीला येऊ शकतो. पण करारात तशी मुभा वेगळी लिहून ठेवावी लागते, यातूनच ताबा तुमचा आहे हे दिसतं. टेम्पलमन यांनीही हेच म्हटलं होतं: ताबा मालकाकडेच असता तर आत यायची परवानगी राखून ठेवायची गरज काय होती?

किल्लीचं उत्तर १९८९ सालच्या अस्लन विरुद्ध मर्फी या खटल्यात आहे. तळघरातली खोली. मापं वाचा: सव्वाचार फूट रुंद, साडेबारा फूट लांब. हात पसरले तर दोन्हीकडे भिंती लागतील. करारात लिहिलं होतं की रोज सकाळी साडेदहा ते दुपारी बारा या वेळात खोली वापरायची नाही. मालक दुसऱ्या कुणालाही तिथे राहायला आणू शकेल. किल्ल्या मालकाकडे राहतील. साफसफाई वगैरे सेवा मिळतील.

अपील कोर्टाने प्रत्यक्षात काय घडतं ते पाहिलं. सेवा जवळपास मिळतच नव्हत्या. दीड तास बाहेर काढण्याची आणि एवढ्याशा खोलीत दुसरा माणूस आणण्याची कलमं निव्वळ बतावणी होती. किल्लीबद्दल लॉर्ड डोनाल्डसन यांनी सांगितलं की मालकाकडे ती का आहे ते बघा. आग लागली, पाइप फुटला, मीटर वाचायचंय म्हणून असेल तर त्याने काही बिघडत नाही. रोज आत येऊन चादरी बदलायच्या, खोली आवरायची, अशी खरी सेवा द्यायला असेल तर गोष्ट वेगळी. त्या माणसाला टेनन्सी मिळाली.

मग लॉजर कोण? माझे घरमालक त्याच घरात राहतात.

घरमालक किंवा त्याची माणसं सेवा द्यायला खोलीत हवं तेव्हा येऊ-जाऊ शकतात आणि प्रत्यक्षात येतात, तो लॉजर. आपल्या पेइंग गेस्टसारखा. तुम्ही कुणा काकूंच्या घरात एक खोली घेतली, स्वयंपाकघर आणि बाथरूम त्यांच्याबरोबर वापरता, त्या खोली झाडून देतात, कपडे धुवायला नेतात. तर तुम्ही लायसन्सधारक असण्याचीच शक्यता जास्त.

आणि समजा तुमच्या खोलीला अनन्य ताबा आहे असं ठरलं, तरी मालक त्याच घरात राहत असेल तर ती टेनन्सी सहसा अशुअर्ड टेनन्सी होत नाही. १९८८ च्या कायद्यातच तसा अपवाद आहे. त्यामुळे अशा घरात लीज की लायसन्स या वादातून हाती फारसं लागत नाही. तिथे माणसं नीट आहेत ना, हे आधी बघा.

आम्ही दोघं नवरा-बायको. मालकाने दोघांच्या वेगवेगळ्या लायसन्सवर सह्या घेतल्या. असं का?

कारण दोघांनी मिळून एक जागा घेतली तर ती संयुक्त टेनन्सी होते. दोन वेगळे कागद केले की दोघांपैकी एकाकडेही पूर्ण घराचा ताबा नाही, असं म्हणता येतं.

हाच डाव १९८८ मध्ये अँटोनियाडीस विरुद्ध व्हिलियर्स या खटल्यात हाऊस ऑफ लॉर्ड्ससमोर आला. एक जोडपं, पोटमाळ्यावरचा छोटा फ्लॅट, एकाच दिवशी सही केलेले दोन तंतोतंत सारखे कागद. त्यात कलम: मालक स्वतः केव्हाही या खोल्या त्यांच्याबरोबर वापरू शकेल किंवा आणखी कुणाला राहायला पाठवू शकेल. आणि त्या घरात होता एक डबल बेड, जोडप्याने स्वतः मागून घेतलेला. मालक कधी तिथे राहायला आला नाही, कुणाला पाठवलंही नाही. तसा त्याचा विचारच नव्हता. लॉर्ड्सनी ते कलम बतावणी ठरवलं, दोन्ही कागद एकत्र धरून वाचले आणि संयुक्त टेनन्सी दिली.

आणि आम्ही चार मित्र एकाच फ्लॅटमध्ये, पण वेगवेगळ्या वेळी आलो, तर?

तर बहुधा टेनन्सी नाही. अँटोनियाडीसच्या बरोबरीनेच एजी सिक्युरिटीज विरुद्ध व्हॉन हा खटला निकाली निघाला. चार खोल्यांचा फ्लॅट, चौघं वेगवेगळ्या महिन्यांत आलेले, प्रत्येकाची रक्कम वेगळी, एक गेला की त्याच्या जागी दुसरा. इथे वेगळे कागद हीच खरी परिस्थिती होती. संयुक्त टेनन्सीला ताबा, हक्क, कागद आणि सुरुवात ही चारही एकच लागतात. त्यांच्यात ती नव्हती, म्हणून चौघंही लायसन्सधारक ठरले.

जोडप्यांनाही एक इशारा. मायकओव्हर विरुद्ध ब्रेडी या १९८९ च्या खटल्यात जोडप्यातल्या प्रत्येकावर फक्त स्वतःच्या वाट्याच्या भाड्याची जबाबदारी होती आणि ती खरीखुरी होती. कोर्टाने संयुक्त टेनन्सी नाकारली. अर्थात प्रत्येकाच्या झोपायच्या खोलीला स्वतंत्र कुलूप आणि स्वतंत्र करार असेल, तर त्या खोलीपुरती स्वतंत्र टेनन्सी असू शकते. मग स्वयंपाकघर सामायिक असलं तरी चालतं.

भाडं देत नाही, तरी लीज असू शकते?

असू शकते. १९२५ च्या कायद्यातली व्याख्याच 'भाडं असो वा नसो' असं म्हणते आणि अ‍ॅशबर्न अन्स्टाल्ट विरुद्ध अर्नोल्ड या निकालात अपील कोर्टाने ते पुन्हा सांगितलं. मात्र भाडं नसेल तर कायदेशीर नातं जोडायचा हेतूच नव्हता, असं म्हणायला जागा होते. मावशीने चार महिने राहायला दिलेली खोली ही मायेपोटी दिलेली असते. अनन्य ताबा असला तरी तिथे कोर्ट लीज मानत नाही, आणि मला तेही योग्य वाटतं.

नोकरीचंही असंच. इमारतीचा राखणदार किंवा हॉटेलच्या वरच्या मजल्यावर राहणारा स्वयंपाकी, काम नीट करता यावं म्हणून त्याला तिथे राहायला लावलं असेल, तर तो सहसा लायसन्सधारक. नोकरी गेली की जागाही सोडावी लागते.

मुदत लिहिलेलीच नाही. 'गरज लागेल तोवर राहा' असं ठरलं, चालेल?

दर महिन्याला किंवा आठवड्याला भाडं घेतलं जात असेल तर त्या कालावधीची, आपोआप पुढे सरकणारी टेनन्सी तयार होते. त्यामुळे मुदत न लिहिल्याने घाबरायचं कारण नाही. अडचण येते ती अनिश्चित घटनेला बांधलेल्या मुदतीची.

लेस विरुद्ध चँटलर या १९४४ च्या खटल्यात घर 'युद्ध चालू असेपर्यंत' दिलं होतं. युद्ध कधी संपेल हे कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून लीज रद्दबातल. देशभर असे हजारो करार होते, तेव्हा संसदेला त्याच वर्षी खास कायदा करून ते दहा वर्षांच्या मुदतीचे मानावे लागले. लंडनच्या वॉलवर्थ रोडवर १९३० मध्ये जमिनीची एक पट्टी कौन्सिलने, म्हणजे तिथल्या स्थानिक संस्थेने, विकत घेऊन मूळ मालकालाच वर्षाला ३० पाउंडांवर परत दिली होती, रस्ता रुंद करायला लागेपर्यंत. रस्ता काही रुंद झाला नाही. १९९२ मध्ये प्रकरण लॉर्ड्ससमोर आलं तेव्हा बाजारभावाने भाडं १०,००० पाउंडांहून जास्त झालं होतं. ती मुदतही अनिश्चित म्हणून टिकली नाही. उरली ती वार्षिक टेनन्सी, नोटीस देऊन संपवता येणारी. निकाल देणाऱ्या काही लॉर्ड्सनाही हा नियम रुचला नव्हता, पण जुनी व्यवस्था मोडायला नको म्हणून त्यांनी तो पाळला.

माणसाच्या घराच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बेरिसफर्ड विरुद्ध मेक्सफील्ड या खटल्यात जुनीच एक वाट शोधली. अनिश्चित मुदत व्यक्तीला दिली असेल तर ती तिच्या हयातीपुरती मानायची, आणि १९२५ च्या कायद्याचं कलम १४९ हयातीची लीज ९० वर्षांची करतं, मृत्यूनंतर नोटीस देऊन संपवता येणारी. कंपनीला हयात नसते, त्यामुळे तिला हा आधार मिळत नाही.

जो भाडं घेतो त्याची स्वतःची मालकीच नाही. मग मी भाडेकरू कसा?

प्रश्न अचूक आहे आणि १९९९ चं उत्तर अजूनही वकिलांना सतावतं. ब्रिक्स्टनमधली एक इमारत लॅम्बेथ कौन्सिलच्या मालकीची. कौन्सिलने ती एका हाउसिंग ट्रस्टला नुसत्या लायसन्सवर दिली. ट्रस्टने १९८९ मध्ये एका माणसाला आठवड्याला १८ पाउंडांवर फ्लॅट दिला, तोही 'लायसन्स' म्हणून. फ्लॅटची दुरुस्ती होईना, तेव्हा तो कलम ११ घेऊन कोर्टात गेला. ट्रस्ट म्हणाला, आमच्याकडेच जागेतला हक्क नाही, तर आम्ही तुला लीज देणार कुठून?

ब्रुटन विरुद्ध लंडन अँड क्वाड्रंट या निकालात लॉर्ड हॉफमन यांनी सांगितलं की लीज हे आधी दोघांमधलं नातं आहे. तुम्ही त्याला अनन्य ताबा दिलात, मुदत दिलीत, भाडं घेतलंत, तर तुमच्या दोघांपुरता तो भाडेकरू आणि दुरुस्ती तुमच्याकडे. मात्र खरा मालक यात बांधला जात नाही, हे २००६ च्या के विरुद्ध लॅम्बेथ या निकालाने स्पष्ट झालं. म्हणजे लीज आहे, पण जागेतला हक्क नाही. वर मी लीज म्हणजे जागेतला हक्क असं लिहिलं, त्याला हा एक अपवाद आहे. तात्त्विक बाजूने मला हा निकाल अवघड जातो. पण गळक्या छताखाली राहणाऱ्या माणसाला दुरुस्ती मिळाली याचा आनंद त्याहून मोठा आहे.

हॉस्टेल, विद्यापीठाचं वसतिगृह, प्रॉपर्टी गार्डियन यांचं काय?

बेघर पुरुषांसाठीच्या वेस्टमिन्स्टर कौन्सिलच्या हॉस्टेलबद्दल १९९२ मध्ये लॉर्ड्सनी लायसन्स ठरवलं. कारण माणसाला खोली बदलायला सांगता येत होती, रात्री अकरापर्यंत खोलीत परतायचा नियम होता, वॉर्डनचं लक्ष असे, आणि हे सगळं खऱ्या गरजेपोटी होतं. विद्यापीठाने स्वतः दिलेली वसतिगृहाची खोली, टेनन्सी असली तरी, अशुअर्ड टेनन्सीत येत नाही.

रिकाम्या इमारती राखायला स्वस्तात राहणारे 'गार्डियन' हल्ली आपल्यातही आहेत. २०१७ मध्ये ब्रिस्टलच्या काउंटी कोर्टाने एका गार्डियनला टेनन्सी दिली होती. पण २०२१ च्या ग्लोबल १०० विरुद्ध लालेवा या खटल्यात अपील कोर्टाने लायसन्सच म्हटलं, कारण राहण्याचा मूळ हेतू मालकासाठी जागा राखणं हा होता. स्वस्त भाड्यापायी तिकडे जाणाऱ्यांनी हे आधी माहीत करून घ्यावं.

लायसन्सधारकाला मग काहीच हक्क नाहीत?

पूर्वी जवळपास नव्हते. वुड विरुद्ध लेडबिटर, १८४५: डॉनकास्टरच्या घोड्यांच्या शर्यतीचं तिकीट एक गिनी देऊन घेतलेल्या माणसाला मैदानाबाहेर काढलं आणि कोर्टाने त्याला चालतं मानलं. आज करारातला शब्द मोडून बाहेर काढणाऱ्याला कोर्ट रोखू शकतं.

घरगुती व्यवहारात तर लायसन्स खूप लांब जाऊ शकतं. एका मुलाने वडिलांच्या सांगण्यावरून त्यांच्या जमिनीवर बंगला बांधला. वडील वारले तेव्हा मृत्युपत्र जुनं निघालं, जमीन दुसऱ्यांच्या नावे. १९६५ मध्ये इनवर्ड्स विरुद्ध बेकर या खटल्यात अपील कोर्टाने सांगितलं की त्याला हवं तोवर तो तिथे राहील. शब्दावर विसंबून माणसाने पैसे आणि घाम घातला असेल तर तो शब्द फिरवता येत नाही. वडिलांच्या नावावरच्या जागेवर मुलाने खोल्या चढवायच्या, ही आपल्या घराघरांतली गोष्ट आहे, म्हणून हा खटला मी नेहमी सांगते.

मालक म्हणतो उद्या निघ. काढू शकतो का?

बहुतेकांना नाही. १९७७ च्या प्रोटेक्शन फ्रॉम इव्हिक्शन ॲक्टप्रमाणे राहत्या जागेतून काढायला सहसा कोर्टाचा आदेश लागतो, आणि ठरावीक काळाने पुढे सरकणारं लायसन्स संपवायलाही निदान चार आठवड्यांची लेखी नोटीस लागते. कुलूप बदलणं, वीज तोडणं हा फौजदारी गुन्हा ठरू शकतो. मोठा अपवाद म्हणजे मालकाच्या घरात त्याच्याबरोबर जागा वापरणारा लॉजर. त्याला योग्य मुदतीची सूचना पुरते.

आता एक नवी गोष्ट. १९८८ च्या कायद्यानंतर मालकांना शॉर्टहोल्ड टेनन्सी मिळाली. कारण न देता दोन महिन्यांच्या कलम २१ च्या नोटिशीवर जागा परत घेता येत असल्याने खोटी लायसन्स लिहिण्याची गरज कमी झाली. २७ ऑक्टोबर २०२५ ला मंजूर झालेल्या रेंटर्स राइट्स ॲक्टने इंग्लंडमध्ये १ मे २०२६ पासून कलम २१ काढून टाकलं. मालकाला आता कायद्यात दिलेलं कारण दाखवावं लागतं. संरक्षण वाढलं की त्यातून सुटायची वाटही शोधली जाते, हे १९७७ च्या रेंट ॲक्टनंतर दिसलंच होतं. त्यामुळे 'लायसन्स' शीर्षकाचे कागद पुन्हा वाढतील असं मला वाटतं, आणि स्ट्रीट विरुद्ध माउंटफोर्डचा निकाल आज माहीत असणं पूर्वीहून जास्त गरजेचं आहे.

डिपॉझिटचं काय?

अशुअर्ड टेनन्सी असेल तर घेतलेलं डिपॉझिट तीस दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित करावं लागतं. नाही केलं तर कोर्ट डिपॉझिटच्या एक ते तीन पट रक्कम मालकाकडून तुम्हाला देऊ शकतं. लायसन्सला ही योजना लागू नाही. मात्र वर्षाचं भाडं ५०,००० पाउंडांच्या आत असेल तर पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेऊ नये, हा २०१९ चा नियम लॉजरलाही लागू आहे.

दुकानाचा गाळा किंवा स्टॉल घेतोय. तिथेही हेच?

कसोटी तीच, पण कोर्ट इथे कागदाला जरा जास्त मान देतं, कारण दोन्हीकडे बहुधा वकील असतात. व्यापारी टेनन्सीला १९५४ च्या कायद्याने मुदत वाढवून मागायचा हक्क आहे, लायसन्सला नाही. १९७१ च्या शेल-मेक्स विरुद्ध मँचेस्टर गॅरेजेस या खटल्यात पेट्रोल पंप चालवणारा लायसन्सधारक ठरला, कारण तेल कंपनीने जागेवरचा आपला ताबा सोडलाच नव्हता. मालक तुमचा स्टॉल आज इथे, उद्या तिथे हलवू शकत असेल तर ते लायसन्सच समजा.

आपल्या कोर्टांनी हा इंग्रजी विचार घेतला आहे का?

घेतला आहे. भारतात लीजची व्याख्या १८८२ च्या ट्रान्स्फर ऑफ प्रॉपर्टी ॲक्टच्या कलम १०५ मध्ये आणि लायसन्सची त्याच वर्षीच्या ईझमेंट्स ॲक्टच्या कलम ५२ मध्ये आहे. असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध कपूर हा १९५९ चा सर्वोच्च न्यायालयाचा खटला दिल्लीच्या इम्पीरियल हॉटेलमधला. तिथल्या क्लोकरूममध्ये आडोसा करून केस कापायचा व्यवसाय चालायचा, आणि कागदावर लायसन्स होतं. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी नावापेक्षा व्यवहाराचा गाभा पाहिला आणि ते लीज ठरवलं, स्ट्रीट विरुद्ध माउंटफोर्डच्या सव्वीस वर्षं आधी. महाराष्ट्रातल्या राहत्या जागांपुरतं मात्र कलम २४ मुळे गणित बदलतं.

वेल्स आणि स्कॉटलंडमध्येही हेच आहे का?

स्कॉटलंडचा जमिनीचा कायदा पूर्ण वेगळा आहे. तिथे राहत असाल तर या पानावर विसंबू नका. वेल्समध्ये १ डिसेंबर २०२२ पासून घरभाड्याचा नवा कायदा लागू आहे. त्यात बहुतेक टेनन्सी आणि लायसन्स दोन्हींना 'ऑक्युपेशन कॉन्ट्रॅक्ट' हे एकच नाव आहे, आणि कार्डिफला शिकणाऱ्या मुलाला सहसा लीज की लायसन्स हा प्रश्न विचारावाच लागत नाही.